अंगणातली पॉयझन आयव्ही आणि तिच्यासारखी दिसणारी झाडं: ओळखायची कशी?

कुंपणाकाठी (३ जून)

नमस्कार मंडळी. गेल्या नोव्हेंबरात आम्ही मध्य न्यू जर्सीत घर घेतलं. तेव्हा मागचं आवार अगदी उघडंबोडकं होतं. एप्रिल संपता संपता कुंपणाच्या कडेनं रान माजलं. मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीतल्या शनिवारी मी अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टवर दोन तास बसून ते उपटलं. सोमवारी सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा उठल्या, रात्रीपर्यंत त्यांवर पाण्याचे फोड आले. मला वाटलं काहीतरी चावलं.

सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत, मूळच्या देवरुखकडच्या. त्यांनी हात उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर बिब्बा उतलाय. इथे कुठे मिळाला तुला बिब्बा?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, पॉयझन आयव्ही, रस लागला की अंगावर फोड उठवणारी इथली वेल. औषध चालू आहे, हात बरा होतोय.

पण निम्मं कुंपण अजून तसंच आहे आणि माझा सहा वर्षांचा मुलगा दिवसभर तिथेच खेळतो. फोनवरच्या अ‍ॅपनं एकाच झाडाची दोन वेळा दोन नावं सांगितली. म्हणून फोटो टाकतेय, प्लीज बघा.

फोटो १: कुंपणाच्या तारेत शिरलेली वेल, तीन पानं, शेंड्याची पानं तांबूस.
फोटो २: हातभर उंचीचं सरळ रोप, तीन पानं.
फोटो ३: गॅरेजच्या भिंतीवर चढलेली, पाच पानांची.
फोटो ४: तीन पानं, मागून पांढरट, देठाला बारीक काटे.
फोटो ५: सासूबाईंनी कुंपणाला लागून वाल पेरलेत, तो वाफा. तीन कोंब आलेत, तिन्ही तीन पानांचे. तिन्ही वालच आहेत का, हे आता त्यांनाही खात्रीनं सांगता येत नाहीये.

रानमाळी (३ जून)

फोटो १ ला हात लावू नका. ती पॉयझन आयव्हीच आहे. कशावरून ते सविस्तर लिहितो, कारण "तीन पानं दिसली की लांब राहा" हा इथल्या मुलांना शिकवतात तो नियम चांगला असला तरी तेवढ्यावर थांबलात तर निम्मं अंगण सोडून द्यावं लागेल. मी पेनसिल्व्हेनियात वीस वर्षं बाग करतोय, तीनदा अंगावर घेतलीय.

पळसाचं पान डोळ्यांसमोर आणा. पळसाला पानं तीनच म्हणतो आपण, पण खरं तर ते एकच पान असतं, तीन दलांचं. मधल्या दलाला स्वतःचा लांब देठ असतो आणि बाजूची दोन दलं मुख्य देठाला जवळजवळ चिकटलेली असतात. पॉयझन आयव्हीची ठेवण नेमकी हीच. शिवाय बाजूच्या दलांचे मधल्या शिरेनं दोन सारखे भाग होत नाहीत. बाहेरची बाजू रुंद, आतली चिंचोळी. त्या रुंद बाजूला बऱ्याचदा एक खाच असते, मग ते दल अंगठा बाहेर काढलेल्या लोकरीच्या हातमोज्यासारखं दिसतं. तुमच्या फोटोत खालून दुसरं पान मोठं करून बघा, डावं दल तसंच आहे.

पानाच्या कडेवर भिस्त ठेवू नका. एकाच वेलीवर एक पान सरळ कडेचं, दुसरं दोन-चार मोठ्या दातांचं, तिसरं खोल खाचेचं असं सगळं सापडतं. करवतीसारखे एकसारखे बारीक दात मात्र तिला नसतात. चकाकीचंही तेच: कोवळं पान तांबूस आणि चकचकीत, तेच जुलैत मळकट हिरवं.

आता फोटो २. पानांचे देठ खोडाला कुठे जुळतात ते बघा. पॉयझन आयव्हीत एक पान डावीकडे, पुढच्या पेरावर एक उजवीकडे, असं आळीपाळीनं. तुमच्या रोपात दोन पानं एकाच पेरावर समोरासमोर आहेत. हे बॉक्स एल्डर, मेपलच्या जातीतलं झाड. रोप असताना तीन दलं, मोठं झाल्यावर पाच-सात. बिनधास्त उपटा, आणि लवकर उपटा. पहिल्या वर्षी मी घाबरून एकाला हात लावला नाही, ते आज दुमजली घराएवढं झालंय आणि कुंपणाची तार त्याच्या खोडात रुतलीय.

फोटो ४ रानटी रासबेरी. काटे दिसले की प्रश्न मिटला, पॉयझन आयव्हीला काटा नसतो.

फोटो ३ व्हर्जिनिया क्रीपर. पाच दलं पंज्यासारखी एकाच बिंदूतून निघतात, आणि ती भिंतीला धरते ते ताण्यांच्या टोकांवरच्या चिकट टिकल्यांनी. तरी इथे सांभाळून. हिच्या कोवळ्या फुटव्याला कधी कधी तीनच दलं असतात, आणि पॉयझन आयव्ही हिच्यातच गुंतून वर चढते. मी दुसऱ्यांदा सापडलो तो असाच. पाच पानं बघितली, निर्धास्तपणे मूठभर वेल ओढली, आणि त्या मुठीत दुसरीही होती. गॅरेजवरची वेल काढायच्या आधी बुडापासून वरपर्यंत डोळ्यांनी चाचपून घ्या. हिचा रससुद्धा काही जणांच्या त्वचेला खाजवतो, हातमोजे घालाच.

फोटो ५ वर उद्या लिहितो. त्या वाफ्याचा जवळून, देठ दिसतील असा फोटो टाका. तोपर्यंत सासूबाईंना तिथे खुरपणी करू देऊ नका.

पुळणीवरचा (४ जून)

आमच्याकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात पॉयझन आयव्ही नाही, पॉयझन ओक आहे. तीच तीन दलं, पण ओकच्या पानासारखी गोलसर खाचांची. ट्रेलच्या दोन्ही बाजूंना झुडूप म्हणून वाढते, झाड मिळालं तर वेल होऊन चढते. हिवाळ्यात पानं झडली की नुसत्या काटक्या उरतात आणि त्या काटक्यांनीही तेवढंच उततं. कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी घरी आल्यावर त्याला आंघोळ घाला, हातमोजे घालून. त्याला काही होत नाही, पण त्याच्या केसांवर बसलेलं तेल आपल्याला लागतं.

लंडनचा पाऊस (४ जून)

आमच्या मागच्या भिंतीवर दाट आयव्ही आहे. हे वाचून धडकीच भरली. ती काढावी लागेल का?

रानमाळी (४ जून)

नाही. तुमची ती इंग्लिश आयव्ही, जाड सदाहरित पानांची. नावापलीकडे दोघींचं काही नातं नाही. सतराव्या शतकात इकडे आलेल्या इंग्रजांना ही वेल त्यांच्या आयव्हीसारखी वाटली आणि नाव चिकटलं.

त्वचेची डॉक्टर (४ जून)

कुंपणाकाठी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं निदान शास्त्राला धरून आहे. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी, पिस्ता आणि पॉयझन आयव्ही हे सगळं एकाच कुळातलं. पॉयझन आयव्हीच्या रसातल्या तेलाला उरुशिऑल म्हणतात. हे नाव जपानी "उरुशी"वरून आलं, तिकडे याच कुळातल्या झाडाच्या चिकानं लाकडी भांड्यांना काळं लाखकाम करतात. बिब्ब्यातली भिलावनॉल नावाची द्रव्यं त्याची जवळची भावंडं. म्हणून फोड सारखे, खाज सारखी, आणि रस हवेत काळा पडणंही सारखं. बिब्ब्यानं धोबी कपड्यांवर खुणा करायचे, आणि पॉयझन आयव्हीचं चुरगळलेलं पान पांढऱ्या कागदावर दाबलं तर तसाच काळा डाग उमटतो. पानाला कीड लागलेल्या जागी काळे ठिपके दिसतात तेही त्यामुळेच.

एक विचारते. तुम्हाला शनिवारी लागलं आणि सोमवारी उठलं. शरीराची या तेलाशी पहिलीच गाठ असेल तर पुरळ यायला आठवडा ते तीन आठवडे लागू शकतात. दोन दिवसांत आलं म्हणजे शरीर आधीपासून ओळखत होतं. लहानपणी कधी बिब्बा, काजूची टरफलं, आंब्याचा चीक असं काही उतलं होतं का?

लागल्याचं कळताच थंड पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं धुवा. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर सगळ्यात उत्तम, नंतर तेल त्वचेत मुरत जातं. नुसता फेस करून चालणार नाही. हाताला गाडीचं ग्रीस लागलंय असं समजून कापडानं घासा, नखांखाली विसरू नका. धुण्याआधी खोबरेल किंवा तूप लावू नका. उरुशिऑल तेलातच विरघळतं, त्यामुळे उलट पसरेल.

फोडांतलं पाणी लागून हे पसरत नाही, दुसऱ्यालाही होत नाही. मुलाला जवळ घ्यायला घाबरू नका. दोन-चार दिवसांनी नवीन जागी उठतं ते बहुधा त्या भागाची कातडी जाड असल्यामुळे उशिरा उठतं, किंवा बुटाच्या नाडीवर, कात्रीच्या मुठीवर राहिलेलं तेल पुन्हा लागलेलं असतं. ती नाडी आजच धुवा.

चेहरा, डोळे, जननेंद्रिय यांवर आलं किंवा अंगभर पसरलं तर डॉक्टरांकडे जाच. तेव्हा पोटातून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते बहुधा दोन-तीन आठवडे, हळूहळू कमी करत. पाच-सहा दिवसांत थांबवलं तर पुरळ पुन्हा उसळलेलं मी पाहिलंय.

कुंपणाकाठी (४ जून)

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. माझं आजोळ सावंतवाडीजवळ. आठ-नऊ वर्षांची असताना ओले काजूगर काढायला बसले होते आणि दोन्ही हातांची बोटं भाजल्यासारखी झाली होती. कातडी निघेपर्यंत आजी मला स्वतःच्या हातानं भरवत होती. न्यू जर्सीतल्या कुंपणाशी त्याचा संबंध असू शकेल, हे कधी मनात आलं नसतं.

वाफ्याचे जवळचे फोटो टाकलेत. नाड्या धुतल्या.

काजूबागायतदार (४ जून)

ओले काजूगर काढताना आमच्याकडे बायका आधी हाताला राख चोळून घेतात, तरी हंगाम संपेपर्यंत बोटं काळी पडतातच. तो टरफलातला चीक. तुम्ही लहानपणी नुसत्या हातानं बसला असणार.

रानमाळी (५ जून)

फोटो ५. काल मी मुद्दाम थांबलो, कारण पहिल्या नजरेत मलाही तिन्ही एकच वाटले. वाल, घेवडा, चवळी सगळ्यांची पानं पळसाच्या ठेवणीची. ती पळसाच्याच कुळातली, म्हणून मधल्या दलाला लांब देठ आणि बाजूची दलं वाकडी. म्हणजे मी परवा दिलेली मोठी खूण इथे कामाची नाही.

आता तुमच्या जवळच्या फोटोत डावीकडचे दोन कोंब बघा. तळाशी दोन साधी, बदामी आकाराची पानं समोरासमोर आहेत, ती वालाची पहिली पानं. वर प्रत्येक दल जिथे देठाला जुळतं तिथे बारीकसा फुगवटा आहे आणि त्याला लागून केसाएवढी दोन टोकं. एकाचा शेंडा काठीभोवती वळसा घालायला लागलाय. दोन्ही वाल.

उजवीकडच्या तिसऱ्याला तळाशी साधी पानं नाहीत. फुगवटा नाही. जिथे तीन दलं एकत्र येतात तिथे देठ लालसर आहे. आणि तो मातीतून सरळ वर आलेला नाही, कुंपणाकडून जमिनीखालून आलेल्या आडव्या मुळीतून फुटलाय. मातीला पडलेली बारीक उभार रेघ फोटोत दिसतेय. पॉयझन आयव्ही वळसे कधीच घालत नाही. ती जमिनीतून सरकते आणि आधार मिळाला की बारीक मुळांनी त्याला चिकटते. तिसरा कोंब तीच आहे.

खात्री करायची असेल तर तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या कार्यालयाला, फोटो पाठवा. तिथले मास्टर गार्डनर मंडळी अशी ओळख करून देतात.

कुंपणाकाठी (५ जून)

सासूबाईंना लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो फुगवटा आणि ती दोन टोकं स्वतः शोधली. म्हणाल्या, साठ वर्षं वाल लावतेय, हे कधी बघितलं नव्हतं. आता काढायची कशी ते सांगा.

मोकळं शेत (५ जून)

एवढं काय? ट्रिमर फिरवा, दोन दिवस वाळू द्या, फायर पिटमध्ये जाळून टाका. आम्ही बाकीचा पाला असाच संपवतो.

रानमाळी (५ जून)

कृपा करून हे कोणीही करू नका. जाळल्यावर ते तेल नाहीसं होत नाही, धुराच्या कणांवर बसून हवेत जातं. तो धूर छातीत गेला की आतून उततं, माणसाला हॉस्पिटलात दाखल करावं लागतं. शेजाऱ्यांच्या खिडकीतही तोच धूर जातो. ट्रिमरनं तिचे ओले तुकडे उडून पायांवर आणि तोंडावर येतात. आणि वाळली म्हणजे निरुपद्रवी झाली असंही नाही, मेलेल्या वेलीत हे तेल पुढे वर्षानुवर्षं तग धरतं. सरपणात तिचा तुकडा चिकटलेला असला तरी तो फेकून द्या.

कुंपणाकाठी, तुमची वेल लहान आहे. पाऊस पडून गेला की माती मऊ होते, त्या दिवशी काढा. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट, जाड व्हिनाइलचे लांब हातमोजे. डॉक्टरांचे पातळ लेटेक्सचे चालत नाहीत, त्यांतून तेल आरपार जातं. एकेक कोंब धरायला ब्रेडची रिकामी पिशवी हातावर चढवायची, कोंब मुळीसकट ओढायचा, आणि पिशवी तशीच उलटी करून गाठ मारायची. मुळीचा तुकडा राहिला तर तिथूनच फुटते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारा. हे एका उन्हाळ्याचं काम नाही, दोन धरून चाला. कंपोस्टमध्ये टाकू नका. बंद पिशवीतून कचऱ्यात, पण आधी तुमच्या टाउनचा नियम बघा. कपडे वेगळे धुवा, खुरपं आणि कात्री साबणानं धुवून स्पिरिटनं पुसा.

वालाच्या वाफ्यात तणनाशक नको. इतर ठिकाणी वेल जाड असेल तर बुडाशी कापून ताज्या कापावर ट्रायक्लोपिर किंवा ग्लायफोसेट ब्रशनं लावतात, लेबलवर लिहिलंय तेवढंच. फवारलं की शेजारचं झाड मरतं.

तेरडा (६ जून)

इथे ओढ्याकाठी ज्युएलवीड उगवते, आपल्या तेरड्याची सख्खी बहीण. तिचा रस लावला की पुरळ येत नाही असं शेजारीण म्हणते. खरं आहे का?

त्वचेची डॉक्टर (६ जून)

लगेच ठेचून लावली तर थोडा उपयोग होतो असं दिसलंय, पण साबण तिच्याहून चांगला. जंगलात साबण नसेल तर जरूर लावा.

ओहायोची मावशी (६ जून)

आम्ही आलो तेव्हापेक्षा ही वेल वाढलीय असं मला फार वाटतं. पूर्वी ओढ्याकडे गेल्यावर दिसायची, आता पार्किंगच्या कडेलाही.

रानमाळी (७ जून)

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात सहा वर्षं हवेत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडून प्रयोग केला होता, २००६ साली तो छापून आला. त्या हवेत ही वेल झपाट्यानं वाढली आणि तिचं तेलही जास्त जहाल झालं. शिवाय तिला घनदाट जंगलापेक्षा उजेडाची कड आवडते: कुंपण, रस्ता, पार्किंग. आपण जंगल तोडून कडाच कडा तयार केल्यात. तिची पांढरी फळं पक्षी खातात आणि कुंपणावर बसून बी टाकतात, म्हणून ती नेहमी कुंपणाखालीच उगवते.

कुंपणाकाठी (१९ ऑक्टोबर)

बऱ्याच दिवसांनी. जूनपासून सहा फेऱ्या मारल्या, कुंपण जवळजवळ मोकळं झालं. वाल भरपूर आले, सासूबाई परत जायच्या आधी दोनदा बिरडं झालं. ज्या दिवशी शंका आली त्या दिवशी तोडणी थांबवली, आधी देठ बघितला, मग शेंग तोडली.

आता पानं रंगली आहेत आणि मला एक नवीनच गोष्ट दिसतेय. मागच्या ओकच्या झाडावर वीस फूट उंचीवर एक लालभडक पट्टा आहे. आतापर्यंत ती ओकचीच फांदी समजत होते. बुडाशी गेले तर खोडावर मनगटाएवढा जाड दोर चिकटलाय, त्याला तांबूस केसांची दाट झालर. हा फोटो ६.

रानमाळी (१९ ऑक्टोबर)

तीच आहे, आणि फार जुनी. ते केस म्हणजे तिची मुळं. तुमच्या कुंपणात दर वर्षी उगवणाऱ्या रोपांची आई बहुधा हीच, वर पानांच्या बगलेत पांढऱ्या फळांचे झुबके आहेत का बघा. पानं गळाल्यावर तो दोर मेल्यासारखा दिसेल, पण तसाच उततो. वेल खोडावरून ओढून काढू नका, वरचं सगळं डोक्यावर येईल. बुडाशी आणि कमरेच्या उंचीवर असे दोन काप देऊन मधला तुकडा काढायचा, खालच्या कापाला औषध लावायचं आणि वरची वेल झाडावरच वाळू द्यायची. एवढ्या जाड वेलीला माहितगार माणूस बोलवा.

कुंपणाकाठी (१९ ऑक्टोबर)

फळं आहेत. दुर्बिणीतून बघितली. त्याच ओकला मुलाचा झोका बांधायचा होता, फांदीही नक्की केली होती. आता तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मेपलवर बांधतोय. माणूस पुढच्या शनिवारी येतोय. काप दिल्यावर फोटो टाकते.